शेफील्डला चाललोय, वेन्सडे की युनायटेड? तिथे राहिलेल्यांनी सांगा

कोथरूड_ते_शेफील्ड

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात शेफील्डला एमएससीला चाललोय, मेटलर्जी घेतलंय. हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली स्टेनलेस स्टील ज्या गावात शोधलं तिथेच जाऊन धातू शिकायचे हे अकरावीपासून डोक्यात होतं त्यामुळे खूप खूश आहे. रूमचं झालंय, फोरेक्स झालंय, आईने कुकर पण पॅक केलाय. आता एकच गोष्ट राहिलीये आणि ती घरात कोणाला विचारून उपयोग नाही.

मी दहाएक वर्षं टीव्हीवर मँचेस्टर युनायटेड बघतोय. स्टेडियममध्ये जाऊन आयुष्यात एकच मॅच बघितलीये, आठवीत असताना बाबांनी बालेवाडीला एफसी पुणे सिटीची, म्हणजे आयएसएलमधल्या आपल्या पुण्याच्या टीमची, मॅच दाखवली होती ती, आणि खरं सांगतो टीव्हीवरच्या शंभर मॅच विसरलोय पण तो आवाज अजून कानात आहे. म्हणून ठरवलंय की वर्षभर तिथे आहे तर गावातल्याच क्लबच्या मॅचेस प्रत्यक्ष बघायच्या. पण शेफील्डला दोन मोठे क्लब, शेफील्ड वेन्सडे आणि शेफील्ड युनायटेड, आणि वाचलंय त्यावरून एकाचं झालं की दुसऱ्याचं होता येत नाही. कुठला निवडू? बाहेरून आलेल्या माणसाला ते लोक आपलं म्हणतात का? आणि बाबांना ऐंशीच्या दशकातल्या इंग्लंडमधल्या मारामाऱ्यांच्या बातम्या आठवतायत त्यामुळे ते टेन्शनमध्ये आहेत, त्यांना काय सांगू?

बाणेरचा_शेफील्डकर

मी २०१६ ते २०१८ तिथे होतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, तू दोन क्लब म्हणतोयस पण शेफील्डचे क्लब चार धर, आणि माझं ऐकशील तर सुरुवात खालच्या लीगच्या दोघांपासून कर. शेफील्ड एफसी नावाचा क्लब आहे, नुसता शेफील्ड, पुढे वेन्सडे नाही की युनायटेड नाही. २४ ऑक्टोबर १८५७ ला स्थापन झालेला. आज जगात जेवढे फुटबॉल क्लब आहेत त्यातला हा सगळ्यात जुना, फिफानेही तसं मानलंय. नॅथनिएल क्रेझिक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी सुरू केला, आणि अडचण बघ काय झाली असेल, क्लब काढला पण खेळायचं कोणाशी, दुसरा क्लबच नाही! मग आपापसातच टीम पाडायचे, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे वगैरे. नियम पण त्यांनी स्वतःच लिहिले. आज आपण कॉर्नर किक म्हणतो ना, ती लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने १८७२ मध्ये घेतली ती शेफील्डच्या नियमांतून. बरीच वर्षं लंडनचे नियम वेगळे आणि शेफील्डचे वेगळे असं चालू होतं, १८७७ मध्ये एक झाले. २०११ मध्ये त्या क्लबने नियमांचं जुनं हस्तलिखित आणि बाकीची कागदपत्रं लिलावात विकली, ८ लाख ८१ हजार पौंड आले. एवढा मोठा वारसा आणि क्लब खेळतो कुठे, तर शहराच्या बाहेर, ड्रॉनफील्ड गावात, एका पबच्या मागच्या मैदानावर. तो भाग डर्बीशरमध्ये येतो, म्हणजे शेफील्डचं नाव लावून शेफील्डमध्ये नाहीत. मला तिथे उभं राहून फार वाईट वाटलं होतं. पुण्यात असं काही असतं तर आपण निदान एक चौक तरी नावाचा केला असता.

दुसरा हॅलम एफसी, १८६० चा. हा मात्र पहिल्यापासून सँडीगेट रोडवरच्या मैदानाचा आणि ते जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान आहे, गिनीज बुकात आहे. २६ डिसेंबर १८६० ला हॅलम आणि शेफील्ड एफसी तिथेच खेळले, दोन वेगवेगळ्या क्लबांमधली जगातली पहिली मॅच. तुझ्या युनिव्हर्सिटीपासून ब्रूमहिलवरून वर क्रॉसपूलला जायचं, बस आहे पण एकदा चालत जा, चढ आहे, पर्वती चढायची सवय असेल तर काही नाही. वर गेल्यावर कळेल मैदान पण उतारावरच आहे, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात बॉल आपोआप घरंगळेल असं. रेलिंगला टेकून उभं राहायचं, खेळाडू दोन हातांवर, गोलकीपर डिफेंडरला काय शिव्या घालतो ते शब्द न् शब्द ऐकू येतं. हाफटाइमला टीम बाजू बदलतात तशी माणसं पण चहाचा कप घेऊन दुसऱ्या गोलमागे चालत जातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला कळेना हे सगळे कुठे निघाले, शेजारच्या आजोबांनी चल म्हणून खूण केली आणि मी पण गेलो. मॅच संपेपर्यंत त्या आजोबांनी मला एकदाही विचारलं नाही की तू कुठला, फक्त विचारलं पुढच्या शनिवारी येणार का.

आता मोठे दोघं. वेन्सडे हे नाव बुधवारवरूनच आलंय. १८२० चा क्रिकेट क्लब होता, कारागीर लोकांना बुधवारी अर्धी सुट्टी मिळायची तेव्हा खेळायचे, म्हणून वेन्सडे. हिवाळ्यात पोरं एकत्र राहावीत म्हणून १८६७ मध्ये फुटबॉल सुरू केला. निळे-पांढरे पट्टे, हिल्सबरो ग्राउंड. ग्राउंड ओवलर्टन भागात आहे म्हणून यांना आउल्स, घुबडं. चार वेळा लीग जिंकलेत पण शेवटची १९३० साली. युनायटेड १८८९ चा, लाल-पांढरे पट्टे, ब्रॅमल लेन, आणि सुऱ्या-कात्र्यांच्या गावातले म्हणून ब्लेड्स. ब्रॅमल लेनवर १८७८ मध्ये दिव्यांच्या उजेडात फुटबॉल खेळले होते, म्हणजे युनायटेड जन्माला यायच्या आधी, आणि १९०२ मध्ये तिथे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया टेस्ट पण झालीये. क्रिकेट १९७३ पर्यंत चालू होतं. अजून एक, अर्जेंटिनाचा अलेहांद्रो साबेया १९७८ मध्ये युनायटेडकडून खेळायला आला होता, तोच पुढे २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलला अर्जेंटिनाचा कोच होता.

आणि माझ्या घरमालकांबद्दल सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. सत्तरी ओलांडलेले, स्टीलच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, कट्टर वेन्सडेवाले. सख्खा धाकटा भाऊ युनायटेडवाला. तिथे घराघरात हे असं आहे, ढोबळमानाने उत्तरेला निळे आणि दक्षिणेला लाल म्हणतात पण एकाच डायनिंग टेबलवर दोन्ही सापडतात. दोघंही समोरच्याला डुकरं म्हणतात, शब्द एकच, त्यामुळे कोण कोणाला म्हणतंय हे स्कार्फ बघून कळतं. काका मला १९७९ च्या २६ डिसेंबरची गोष्ट दर रविवारी सांगायचे, तिसऱ्या डिव्हिजनची मॅच, ४९,३०९ लोक, वेन्सडेने ४-० ने मारलं. तिसऱ्या डिव्हिजनला जवळजवळ पन्नास हजार माणसं, विचार कर. मग १९९३ ची एफए कप म्हणजे इंग्लंडच्या नॉकआउट स्पर्धेची सेमी फायनल, ती तर लंडनला वेम्बली स्टेडियमवर झाली, तिथेही वेन्सडे २-१. आणि मग मी असताना २४ सप्टेंबर २०१७ उजाडला, पाच वर्षांत पहिली लीग डर्बी, म्हणजे एकाच गावातल्या दोन टीमची मॅच, हिल्सबरोवर, काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार, आणि युनायटेडने ४-२ ने हरवलं. घरी आले, बूट काढले, भावाला स्वतःहून फोन केला, अभिनंदन म्हणाले आणि फोन ठेवून बागेत जाऊन बसले. मी आजपर्यंत कुठल्या टीमसाठी इतकं केलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वेन्सडेवाला आहे. मी ठरवलं वगैरे नाही, ते त्या बागेतल्या खुर्चीकडे बघून झालं.

नवीपेठ_डेव्हिल

सगळं छान आहे पण मला पटत नाही. तू मँचेस्टर युनायटेडवाला आहेस ना, शेफील्डहून मँचेस्टर ट्रेनने तासाभरावर आहे, त्यांच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डला जा की. आयुष्यात एकदा चान्स मिळतोय आणि तो खालच्या लीगच्या चिखलात घालवायचा? जगातलं बेस्ट फुटबॉल तासाभरावर असताना बाकीचं कशाला बघायचं. नाहीतर टीव्ही आहेच.

बाणेरचा_शेफील्डकर

ओल्ड ट्रॅफर्डला एकदा जाऊ देत की, माझी ना नाही. पण टीव्हीचं म्हणशील तर इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच लाइव्ह फुटबॉल टीव्हीवर दाखवायला बंदी आहे. तीनच्या मॅचेस पुण्यात आपण रात्री साडेआठला सोफ्यावर बघतो आणि तिथे मँचेस्टरमधला माणूस घरी बसून बघू शकत नाही. कारण हेच की लोकांनी घरात न बसता जवळच्या मैदानावर जावं, छोट्या क्लबांच्या गेटवर चार पैसे जमावेत. हॅलमसारखे क्लब त्या अडीच तासांवर जगतात.

पेठेतला_कोल्हापूरकर

नवीपेठवाल्या भावा, तुला राग येऊ दे पण बोलतो. मी पुण्यात नोकरीला आहे पंधरा वर्षं, पण मूळ मंगळवार पेठ, कोल्हापूर. आमच्याकडं पोरगं जन्माला आलं की विचारत नाहीत बाबा तुला कुठली टीम आवडते. मंगळवार पेठ म्हणजे पाटाकडील तालीम, शिवाजी पेठ म्हणजे शिवाजी तरुण मंडळ, विषय संपला. शाहू स्टेडियमवर ह्यांची मॅच असली की सकाळपासून पेठेत कुणाचं कामात लक्ष नसतंय. माझा बाप गवंडीकाम करायचा, मॅचच्या दिवशी थापी धुऊन ठेवायचा आणि दुपारी दोनला गायब. आमच्या तालमीची टीम जगात कितवी आहे हे बापाला कधी ठाऊकच नव्हतं, त्यानं कधी विचारलंच नाही. हरली तर घरात जेवताना कुणी बोलायचं नाही एवढंच मला माहीत.

त्यामुळं बाणेरच्या दादांचे ते काका वाचून मला माझा बाप आठवला. तिकडं कारागीर लोकांनी बुधवारच्या सुट्टीत टीम काढली, आमच्याकडं तालमीतल्या पैलवान पोरांनी काढली. सात समुद्रापलीकडं असून एकच गोष्ट आहे बघ.

कोथरूडच्या पोरा, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच की आधी घर बघ कुठं मिळालंय. ज्या बाजूला राहशील, ज्या दुकानातून दूध आणशील, तिथला माणूस तुला ज्या मॅचला घेऊन जाईल ती तुझी टीम. इथं पुण्यात बसून निवडू नको.

कोथरूड_ते_शेफील्ड

बाप रे, एवढ्या मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, मी दोनदा वाचलं आणि आईला पण वाचून दाखवलं. रूम क्रुक्समूरला आहे म्हणजे युनिव्हर्सिटीजवळच, तिथून कुठली बाजू धरतात माहीत नाही. सँडीगेट नक्की झालं. फक्त बाबांनी आता हिल्सबरो नाव ऐकलं आणि म्हणाले तिथेच माणसं मेली होती ना, तिथे जाऊ नकोस. त्यांना नीट काय सांगू?

मिडलवूडची_ट्राम

मी सहकारनगरची, गेली अकरा वर्षं शेफील्डमध्ये, पिवळ्या ट्रामच्या शेवटच्या स्टॉपजवळ राहते, हिल्सबरो ग्राउंड आमच्या रोजच्या रस्त्यात आहे. बाबांना माझं हे वाचून दाखव.

बाबांना आठवतंय ते खरं आहे. १५ एप्रिल १९८९, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची एफए कप सेमी फायनल, मैदान फक्त हिल्सबरोचं होतं. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याने बघायच्या जाळीबंद कप्प्यांमध्ये प्रमाणाबाहेर माणसं शिरली, पुढे लोखंडी कुंपण, बाहेर पडायला जागा नाही. ९७ माणसं गेली, शेवटची व्यक्ती त्या दिवसाच्या जखमांमुळेच खूप वर्षांनी २०२१ मध्ये गेली. पण ती मारामारी नव्हती, हे बाबांना आवर्जून सांग. वर्षानुवर्षं दोष प्रेक्षकांवर टाकला गेला, दारू पिऊन आले, दंगा केला असं छापलं गेलं, आणि गेलेल्यांच्या घरच्यांनी सत्तावीस वर्षं झगडून २०१६ मध्ये ज्यूरीकडून निकाल मिळवला की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची चूक नव्हती, पोलिसांच्या बंदोबस्तातल्या चुका होत्या. ग्राउंडबाहेर स्मारक आहे, तिथे कायम लाल स्कार्फ आणि फुलं असतात. मी पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा माझा मुलगा बाबागाडीत होता, आणि त्या यादीत दहा वर्षांचा मुलगा आहे. मला पुढे चालवेना. अजूनही तिथे पाय हळू पडतो.

त्या घटनेनंतर सरकारी चौकशीचा टेलर रिपोर्ट आला, कुंपणं निघाली, वरच्या लीगच्या मैदानांवर सगळ्यांना बसायला सीट असली पाहिजे असं झालं. आज मी शाळकरी मुलाला घेऊन जाते. भीती नाही वाटत. डर्बीच्या दिवशी मात्र पोलीस खूप असतात, घोडेस्वार पण असतात, त्या दिवशी नवीन मुलाने रंगाचं काही घालून समोरच्यांच्या पबमध्ये जाऊ नये, आणि यजमान टीमच्या स्टँडमध्ये बसून पाहुण्या टीमच्या गोलला ओरडू नये, बाहेर काढतात. डर्बीचं तिकीट तसंही आधी मॅचेस घेतलेल्यांना पहिलं मिळतं.

आता माझा मुद्दा. आम्ही घरात वेन्सडेवाले झालो ते मुलाच्या शाळेमुळे, त्याच्या वर्गात निळे जास्त. आणि २०२५ साल आम्ही फार वाईट बघितलं. खेळाडूंचे, कर्मचाऱ्यांचे पगार पुन्हा पुन्हा थकले, सिझनच्या तोंडावर एक अख्खा स्टँड सुरक्षेच्या कारणाने बंद होता. लोकांनी मालकाच्या विरोधात तिकीट घेणं, शर्ट घेणं, ग्राउंडवर चहा घेणंसुद्धा बंद केलं. ऑक्टोबरात मिडल्सबरोच्या मॅचला एवढं मोठं स्टेडियम जवळजवळ रिकामं. ज्यांनी चाळीस चाळीस वर्षं एक मॅच चुकवली नाही ती माणसं घरी बसली होती, आमच्या शेजारच्या बाई खिडकीत उभ्या राहून फ्लडलाइटकडे बघत होत्या, मी त्यांच्याबरोबर उभी राहिले, काय बोलणार. दोनच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, १२ गुण कापले गेले. टेबलच्या तळाला टीम, आणि त्या दिवशी क्लबच्या दुकानाबाहेर रांग लागली. लोक स्कार्फ घेत होते, तिकिटं घेत होते, कारण आता त्यांचे पैसे क्लब जगवायला जाणार होते. गुण गेलेले, टीम हरतेय, आणि माणसं रांगेत उभी राहून हसतायत, रडतायत. माझा मुलगा म्हणाला आई आपण पण उभं राहू. राहिलो.

आणि तारीख बघा, २४ ऑक्टोबर, शेफील्ड एफसीचा वाढदिवस.

बालेवाडी_ऑरेंज

वरचं वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मी एफसी पुणे सिटीच्या ऑरेंज आर्मी या चाहत्यांच्या गटात होतो, २०१४ पासून. त्याआधी पुणे एफसी या दुसऱ्या क्लबच्या, आय-लीग म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगच्या मॅचेसना जायचो, ते २०१२-१३ ला लीगमध्ये दुसरे आले होते, आज किती पुणेकरांना माहितीये? हिंजवडीहून शिफ्ट संपवून बाइकवर बालेवाडी, अंगावर जर्सी डब्यासोबत बॅगेतून आणलेली, घसा बसेपर्यंत ओरडायचं. २०१७-१८ ला सेमी फायनलपर्यंत गेलो, मार्सेलिन्हो, अल्फारो काय खेळत होते. आणि २०१९ मध्ये क्लब संपला, त्याची जागा हैदराबादच्या नव्या टीमला गेली. आम्हाला रांगेत उभं राहायची संधीच मिळाली नाही हो ताई. क्लब वाचवायला स्कार्फ घ्या असं कोणी म्हणालं असतं तर मी महिन्याचा पगार दिला असता.

त्यामुळे नवीपेठ_डेव्हिल, बेस्ट फुटबॉल तासाभरावर आहे हे बरोबर, पण तो क्लब तुझ्यावाचून एक दिवसही अडत नाही. हॅलमच्या गेटवर तू गेलास की नाही हे मोजलं जातं. कोथरूडच्या मित्रा, तू त्या रात्री आठवीत असताना बालेवाडीला होतास ना, बहुतेक मी तुझ्या मागच्याच रांगांमध्ये कुठेतरी ढोल वाजवत होतो. तू तिथे जा आणि उभा राहा, आपल्या दोघांच्या वतीने.

नवीपेठ_डेव्हिल

वाचलं सगळं. बालेवाडीला मी कधीच आलो नव्हतो, घरापासून लांब पडतं म्हणून. आता वाटतंय यायला हवं होतं.

पेठेतला_कोल्हापूरकर

अजून उशीर झाला नाही भावा, पुण्यातच एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर लोकल लीगच्या मॅचेस बघत जा. आणि सिझनमधी कोल्हापूरला चल माझ्याबरोबर, घरी तांबडा-पांढरा, मग शाहू स्टेडियम.

कोथरूड_ते_शेफील्ड

बाबांना ताईंचं सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्या स्मारकापाशी माझ्या वतीने पण फूल ठेव. आणि स्वतःच मोबाइलवर सँडीगेटचे फोटो शोधत बसले, म्हणाले उतार खरंच दिसतोय.

बालेवाडी_ऑरेंज दादा, माझ्याकडे त्या मॅचला घेतलेला ऑरेंज स्कार्फ आहे अजून. तो घालून सँडीगेटला गेलो तर चालेल का? हॅलमचे रंग निळे-पांढरे आहेत ना?

मिडलवूडची_ट्राम

चालेल की, तिथे कोणी रंगावरून अडवत नाही, उलट कुठल्या क्लबचा म्हणून विचारतील, सांग त्यांना सगळं. हातमोजे आण आणि बूट जाड तळाचे, त्या टेकडीवरचा वारा नोव्हेंबरात हाडात शिरतो. पहिल्या शनिवारी मी आणि मुलगा येतो तुला घ्यायला, सँडीगेटला बरोबर जाऊ. हिल्सबरो नंतर बघू. येताना जमलं तर मेतकूट आण, इथे मिळत नाही.